वार्षिक पासचे सात महिने: राइड्स चांगल्या, वेळापत्रक सुधारा

एप्रिलमध्ये आम्ही चौघांनी एका अम्युझमेंट पार्कचा वार्षिक पास काढला. ठाण्याच्या वर्तकनगरहून गाडीने तासाभराचा रस्ता, कापूरबावडीला अडकलो नाही तर. आजवर अकरा चकरा झाल्या. राइड्स चांगल्या, स्वच्छता उत्तम, जेवण महाग आणि बेताचं. मला लिहायचंय ते वेळेबद्दल.

पार्क रोज साडेदहा ते सहा. मेमधला रविवार असो की सप्टेंबरमधला ओला बुधवार, वेळ तीच. मेच्या एका रविवारी धाकटी मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत पन्नास मिनिटं उभी होती. उंचीच्या पट्टीवरची १२० सेंटीमीटरची रेघ तिने त्याच महिन्यात गाठली होती. टाचा टेकवून दोनदा मोजून घेतलं. पुढे आठ-दहा माणसं उरली आणि पावणेसहाला कर्मचाऱ्याने साखळी लावली. "ताई, रांग बंद. सहाला आमची बस सुटते." सकाळपासून उन्हात उभ्या असलेल्या माणसाशी काय भांडायचं? सहाला दार लावायचं तर रांगेत शेवटचा माणूस किती वाजता घ्यायचा, हे वर बसणाऱ्यांनी ठरवायला हवं.

डिस्नेच्या पार्कांत बंद व्हायच्या वेळेला जो रांगेत उभा असतो, त्याला राइड मिळते. वेळा तारखेनुसार आधी जाहीर होतात आणि गर्दीचा अंदाज वाढला की वाढवल्याही जातात. कॅलिफोर्नियाचं डिस्नेलँड १९५५ साली सुरू झालं, तरी मंदीच्या हंगामात ते सोमवार-मंगळवार बंद असायचं. बाराही महिने रोज उघडं राहू लागलं ते १९८५ पासून. म्हणजे गर्दी बघून वेळ ठरवणं ही काही नवी गोष्ट नव्हे.

आपल्याकडे मधल्या वारी गेलं की रांग नसते, हा माझा समज इथे खोटा ठरला. कोस्टरच्या गाड्या दोन, एका गाडीत २४ जागा. दोन्ही धावतात तेव्हा चार मिनिटांना एक गाडी सुटते, मी घड्याळ लावून पाहिलंय. तासाला ३६० माणसं. बुधवारी एकच गाडी काढतात, आठ मिनिटांना एक फेरी, तासाला १८०. माणसं निम्मी, फेऱ्याही निम्म्या, रांग तेवढीच! वीज आणि पगार वाचवायचे असतील हे समजतं. मग त्या दिवशी पार्क पाचच तास ठेवा, पण दोन्ही गाड्या चालवा. मला तेच आवडेल.

दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस मात्र त्यांनी साडेसातपर्यंत उघडं ठेवलं. साडेपाचला पिकनिकच्या बसेस निघाल्या आणि सहानंतरच्या दीड तासात मुलं कोस्टरवर तीनदा बसली. त्याआधी अख्ख्या दिवसात दोनदा. पार्किंगमधून बाहेर पडायला एरवी चाळीस मिनिटं लागतात, त्या दिवशी दहा लागली, कारण सगळे एकाच वेळी दाराशी आले नव्हते.

पास एप्रिलमध्ये संपतोय. नवा काढण्याआधी खिडकीवर एकच विचारणार आहे: मेच्या रविवारी किती वाजेपर्यंत? सहा म्हणाले तर पास नको, दिवाळीपुरती तिकिटं काढू.