‘रक्कम तपासणीसाठी या खात्यात भरा’

घर घेताना आमची मोठी रक्कम गेली. ज्या तपासणीच्या नावाखाली ती गेली, ती तपासणी खरीच असते. म्हणून तर आम्ही फसलो, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितेय.

घराच्या व्यवहारात वकील, दलाल, बँक सगळेच विचारतात, पैसा आला कुठून? त्याला कारण आहे. काळा पैसा घरात एका फटक्यात मुरतो, आणि पुढे घर विकलं की हातात येणारी रक्कम स्वच्छ दिसते. काळा पैसा असा स्वच्छ करून घेणं म्हणजे मनी लाँडरिंग. ते रोखण्यासाठी १९८९ साली स्थापन झालेल्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ४० शिफारशी आहेत. त्यांत बँकांच्या जोडीला मालमत्तेचे दलाल आणि अशा व्यवहारांचं काम पाहणारे वकीलही येतात. ग्राहकाची ओळख पटवायची, पैशाचा उगम पाहायचा आणि कागद निदान ५ वर्षं जपून ठेवायचे, ही त्यांची जबाबदारी.

आमचीही तपासणी झाली. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, खात्यांचे उतारे दिले. अडलं ते दादाने दिलेल्या रकमेवर. ही भेट आहे, परत मागणार नाही, घरावर हक्क सांगणार नाही, असं त्याला लिहून द्यावं लागलं. मग त्याच्याही खात्याचे उतारे मागितले. दादा वैतागला. "माझ्या बहिणीला मी पैसे देतोय, त्यात चोरी कसली?" मीच त्याची समजूत घातली. तीन आठवडे हे चाललं, आणि तेवढ्यात मला सवय लागली होती : वकिलांचा मेल आला की निमूटपणे मागतील ते पाठवायचं.

तो मेल शुक्रवारी दुपारी आला. आमचा फाइल क्रमांक बरोबर, दादाच्या रकमेचा आकडा बरोबर, खाली नेहमीचीच सही. लिहिलं होतं : तुमचा व्यवहार मनी लाँडरिंग तपासणीत संशयास्पद म्हणून नोंदला गेला आहे. आमचं नेहमीचं खातं सध्या लेखापरीक्षणात असल्याने रक्कम सोबतच्या खात्यात भरा, पडताळणी होताच ती व्यवहारात वळती होईल. चौकशी गोपनीय आहे, फोनवर बोलू नका. आज भरली नाही तर व्यवहार रद्द होऊ शकतो.

खातं भलत्याच नावाचं होतं. त्याचाही खुलासा मेलमध्ये होता. मी पैसे भरले.

सोमवारी वकिलांना फोन केला, तर त्यांनी असा मेल पाठवलाच नव्हता. पत्त्यात एका अक्षराचा फरक निघाला. कुणीतरी मेलबॉक्समध्ये शिरून आठवडेच्या आठवडे आमचा पत्रव्यवहार वाचत होतं. मेलबॉक्स आमचा की त्यांच्या कार्यालयातला, हे अजून ठरलेलं नाही.

वकिलांनी त्या दिवशी जे सांगितलं ते आधी माहीत असतं तर मी थांबले असते. खरोखर संशय आला, तर कार्यालय तो गुपचूप संबंधित यंत्रणेला कळवतं. आणि कळवल्याचं ग्राहकाला सांगायला त्यांना मनाई असते, कारण सावध झालेला माणूस पैसा हलवतो. म्हणजे ‘तुमच्यावर संशय नोंदवला आहे’ हे वाक्यच खोटेपणाचा पुरावा होतं. दुसरं, तपासणी करणारा पैशाचा माग विचारतो, कागद मागतो. पडताळणीसाठी म्हणून रक्कम दुसऱ्या खात्यात टाकायला तो सांगत नाही. तपासणीचं शुल्क असू शकतं, पण घराची रक्कम ‘तपासून परत’ करणारी अशी कुठलीच पद्धत नाही.

बँकेने लगेच तक्रार घेतली, पण मधले दोन दिवस हातचे गेले होते. पहिलं खातं कमिशनच्या आमिषाने वापरायला दिलेलं होतं. तिथून रक्कम तुकडे होऊन कितीतरी खात्यांत पसरली. मूळ कळू नये म्हणून पैसा असा फिरवत राहणं हाच मनी लाँडरिंगचा मधला टप्पा. ज्या पैशाचा उगम सिद्ध करायला आम्ही तीन आठवडे कागद जमवले, त्याच पैशाचा उगम आता कुणीतरी पुसत होतं. हे समजलं तेव्हा मला रडू आवरलं नाही. शेवटच्या खात्यात अडकलेला थोडा भाग तेवढा परत मिळाला. ते घर हातातून गेलं.

तुमच्याकडे असा मेल आला, तर त्यातल्या नंबरवर फोन करू नका. पहिल्या भेटीत हाती मिळालेल्या कागदावरचा नंबर लावा. पैसे गेलेच असतील, तर आधी बँकेला आणि मग पोलिसांना त्याच तासात कळवा. लाजेपायी घरात लपवू नका. मी रविवारची रात्रभर शंका मनात ठेवून बसले होते.

वर्षभराने दुसरं घर घेतलं. पुन्हा तीच तपासणी, पुन्हा दादाचे उतारे. या वेळी त्याने न बोलता दिले. खाते क्रमांक मी कार्यालयात जाऊन कागदावर घेतला आणि मोठ्याने वाचून दाखवला. आधी अगदी लहान रक्कम पाठवली, ती पोचल्याचं फोनवर ऐकलं, आणि मगच उरलेली भरली.