चेटकिणींची दोन घराणी: 'द विचिंग अवर' घ्यावी की 'प्रॅक्टिकल मॅजिक'?

चेटकिणींच्या घराण्यावरची दमदार कादंबरी वाचायची आहे, असं कुणी म्हटलं की दोन नावं हमखास निघतात. एक अ‍ॅन राइस यांची 'द विचिंग अवर' (१९९०) आणि दुसरं अ‍ॅलिस हॉफमन यांची 'प्रॅक्टिकल मॅजिक' (१९९५). विषय वरवर सारखाच: पिढ्यानपिढ्या बायकांकडून बायकांकडे येणारी शक्ती, गावानं वाळीत टाकलेलं जुनं घर, आणि त्या वारशातून सुटू पाहणारी आजची मुलगी. पण एक कादंबरी हजार पानांच्या आसपास जाते, तर दुसरी तीनशेच्या आत संपते. वाचकांची मतं बघितली तर पहिलीबद्दल 'आयुष्यात वाचलेलं सगळ्यात झपाटून टाकणारं पुस्तक' आणि 'अर्ध्यात सोडलं' अशी दोन्ही टोकं दिसतात. दुसरीवर इतकी भांडणं होत नाहीत, पण तिच्याबद्दलची निराशाही ठरावीक जागी उमटते. म्हणून आधी कुठली उचलायची हा प्रश्न नीट विचारात घेण्यासारखा आहे.

माझं मत आधीच सांगते. 'द विचिंग अवर' हे मोठं पुस्तक आहे, नुसतं जाड नाही. पण ते सगळ्यांसाठी नाही, आणि ते कुणासाठी आहे हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं.

राइस यांची सुरुवात बघा. न्यू ऑर्लिन्सच्या गार्डन डिस्ट्रिक्टमधलं पडझड झालेलं मोठं घर. बाजूच्या जाळीदार व्हरांड्यात डोलखुर्चीत एक बाई बसलेली आहे, डिअर्ड्रा मेफेअर. वर्षानुवर्षं ती बोललेली नाही, नजर शून्यात, अंगावर रात्रीचा झगा आणि गळ्यात भलामोठा पाचू. एक तरुण डॉक्टर तिला गुंगीचं इंजेक्शन द्यायला येत राहतो, आणि हे इंजेक्शन खरंच गरजेचं आहे का, अशी शंका त्याच्या मनात घर करते. घरातल्या म्हाताऱ्या बायका तोंड उघडत नाहीत. आणि मग त्याला तिच्याजवळ उभा असलेला एक माणूस दिसतो: देखणा, तपकिरी डोळ्यांचा, जुन्या वळणाच्या कपड्यातला. हा माणूस आत आला कुठून हे कुणी सांगत नाही. या पहिल्या प्रकरणाबद्दल मात्र दुमत सापडत नाही. पुस्तक पुढे न झेपलेले वाचकसुद्धा ते व्हरांड्यातलं दृश्य विसरत नाहीत.

त्या माणसाचं नाव लॅशर. तोच या कादंबरीचा कणा आहे. सतराव्या शतकात स्कॉटलंडमधल्या डॉनलेथ नावाच्या (काल्पनिक) गावात सुझन नावाची साधी सुईण त्याला हाक मारते, आणि तिथून तेरा पिढ्या तो या कुळाला चिकटतो. इकडे सान फ्रान्सिस्कोजवळ डिअर्ड्राची मुलगी, रोवन मेफेअर ही न्यूरोसर्जन, या सगळ्यापासून दूर वाढलेली आहे. न्यू ऑर्लिन्सला कधीही परतणार नाही, असं दत्तक आईनं तिच्याकडून लिहून घेतलं आहे. ती समुद्रात बुडालेल्या मायकल करी या माणसाला आपल्या बोटीवर ओढून वाचवते. मरून परत आलेल्या मायकलच्या हातांना आता वस्तूंना स्पर्श करताच त्यांचा भूतकाळ दिसू लागतो, इतका की त्याला हातमोजे घालून वावरावं लागतं. ही दोघं भेटतात आणि कथा न्यू ऑर्लिन्सकडे वळते.

इथपर्यंत कुणाची फारशी तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती फाइलपाशी.

टालामास्का नावाची एक संस्था आहे, अतींद्रिय घटनांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांची. तिनं मेफेअर कुळावर शतकानुशतकं टाचणं ठेवली आहेत. कादंबरीच्या ऐन मध्यावर, प्रेमकथा रंगात आलेली असताना, राइस ती सगळी फाइल वाचकाच्या पुढ्यात ठेवतात. शेकडो पानं. सुझननंतर तिची मुलगी डेबोरा, जिचा शेवट फ्रान्समध्ये होतो. मग शार्लट, जी सेंट-डोमिंगच्या मळ्यांवर, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांच्या जिवावर साम्राज्य उभं करते. पुढे ज्युलियन, मेरी बेथ, स्टेला, अँथा अशी माळ डिअर्ड्रापर्यंत येते. वाचकांचे दोन तट इथे पडतात. एक म्हणतो, कथा ठप्प झाली, नावांचा गोंधळ उडाला, कोण कुणाची मुलगी हे लक्षात राहत नाही, आणि रोवन-मायकल कुठे गायब झाले? दुसरा तट म्हणतो, हीच तर कादंबरी, बाकीचं तिच्याभोवतीचं वेष्टन.

मी दुसऱ्या तटात आहे, आणि त्याचं कारण पीटर व्हॅन एबलची पत्रं. हा टालामास्काचा डच सदस्य डेबोराला लहानपणी वाचवून अ‍ॅमस्टरडॅमला आणतो, आणि पुढे तिच्या मुलीच्या पाठोपाठ सेंट-डोमिंगला जातो. तो अभ्यासक आहे, नोंदी ठेवायला गेला आहे, पण पत्रागणिक त्याच्या वाक्यांतला संयम ढळत जातो. ज्याचा अभ्यास करायचा तेच त्याला गिळायला लागतं. हे उघड सांगितलेलं नाही. पत्राच्या सुरातून कळतं. गॉथिक, म्हणजे जुन्या घरांच्या आणि गूढ भयाच्या लेखनात मला हवी असते ती भीती हीच. दचकवणारी नव्हे, हळूहळू पाणी चढावं तशी. शिवाय फाइल वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. लॅशर प्रत्येक पिढीला वेगळं काही देतो, कुणाला पैसा, कुणाला सुख, कुणाला सोबत. त्याला स्वतःला काय हवं आहे हे मात्र एका पिढीच्या कहाणीतून कधीच कळत नाही, सगळ्या पिढ्या ओळीनं वाचल्यावरच कळतं. फाइल चाळली की शेवटाचा अर्थच निसटतो. 'शेवट पटला नाही' म्हणणाऱ्यांतले काहीजण 'मधली पानं भराभर उलटली' असंही सांगतात, यात मला नवल वाटत नाही.

अर्थात शेवटावरचा सगळाच राग असा निकालात काढता येत नाही. रोवन हुशार आहे, शस्त्रक्रियेच्या टेबलावर निर्णय घेणारी बाई आहे, आणि शेवटच्या टप्प्यात ती जे करते ते कित्येकांना तिच्या स्वभावाशी विसंगत वाटतं. काय करते हे सांगत नाही. मला ते पटलं, कारण तिची विज्ञानाची भूक आणि लॅशरची ओढ एकाच जागेवर येऊन मिळतात, आणि त्याची तयारी राइस पहिल्यापासून करत आणतात. पण ती तयारी पुरेशी नाही असं म्हणणाऱ्या वाचकाशी मी वाद घालणार नाही. शेवटची पन्नासेक पानं घाईत उरकल्यासारखी आहेत खरी, आणि इतक्या सावकाश चाललेल्या पुस्तकात ती घाई बोचते.

आता हॉफमन. 'प्रॅक्टिकल मॅजिक'मधल्या ओवेन्स बायकांना मॅसॅच्युसेट्समधलं त्यांचं गाव दोनशेहून जास्त वर्षं प्रत्येक वाईट गोष्टीसाठी दोष देत आलं आहे. सॅली आणि जिलियन या पोरक्या बहिणी दोन म्हाताऱ्या मावश्यांकडे वाढतात. दिवसा रस्ता ओलांडून टाळणाऱ्या बायका संध्याकाळी मागच्या दारानं येतात, प्रेमाचा तोडगा मागायला. मुली जिन्यात बसून ऐकतात, आणि हवं ते मिळालेली बाई ते मिळाल्यामुळेच कशी उद्ध्वस्त होते ते बघतात. दोघी दोन दिशांना पळतात. जिलियन पुरुषांमागून पुरुषांकडे, सॅली न्यूयॉर्कजवळच्या उपनगरातल्या चारचौघींसारख्या संसाराकडे. मग एका रात्री जिलियन सॅलीच्या दारात उभी राहते, आणि गाडीत तिच्या प्रियकराचं, जिमीचं, प्रेत असतं. ते परसात पुरतात. त्या जागेवरची लायलॅकची झुडपं बेफाम वाढायला लागतात, वास इतका की शेजारपाजारच्या बायका कुंपणाशी येऊन रडू लागतात. अलौकिक म्हणावं ते या पुस्तकात असं येतं: झाडातून, वासातून, हवेतून.

हॉफमन यांना जादूचे नियम सांगायचे नाहीत, आणि ते बरंच आहे.

या पुस्तकावर नाराज होणारे वाचक बहुतेक करून १९९८चा सिनेमा बघून आलेले असतात. सँड्रा बुलक आणि निकोल किडमन यांचा तो सिनेमा पुढे लोकप्रिय झाला, त्यातलं घर, स्वयंपाकघरातल्या मावश्या लोकांच्या मनात बसल्या. पुस्तकात मावश्या सुरुवातीला आहेत आणि पुन्हा शेवटाकडे येतात. मधला मोठा भाग उपनगरात घडतो आणि सॅलीच्या वयात आलेल्या दोन मुलींना, अँटोनिया आणि कायलीला, तिथे भरपूर जागा मिळते. दुसरी तक्रार शैलीची. संवाद कमी, निवेदकच सगळं सांगत राहतो, प्रकरणं नाहीत, चारच लांब विभाग. लोककथा सांगितल्यासारखा तो सूर ज्यांना लागतो ते एका बैठकीत पुस्तक संपवतात. ज्यांना लागत नाही त्यांना पात्रं काचेपलीकडे असल्यासारखी वाटतात.

दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की खरा फरक भीतीच्या प्रमाणात नाही, कुटुंब या गोष्टीकडे बघण्यात आहे. मेफेअर बाईनं लग्नानंतरही मेफेअर हेच आडनाव ठेवायचं, नाहीतर वारसा हक्क गेला. पैसा, घर, पाचू आणि लॅशर हे सगळं एकाच गाठोड्यात, एकाच मुलीच्या पदरात पडतं. म्हणजे घराण्याची मालमत्ता तिची नसते, तीच घराण्याची मालमत्ता असते. ओवेन्सकडे असं कुणी मागे लागलेलं नाही. तिथली ओढ आपल्याच माणसांची आहे, आणि पळून गेलेल्या बहिणी एकमेकींना पुन्हा सापडतात की नाही एवढाच प्रश्न आहे. कुटुंब हा सापळा वाटत असेल आणि तो आतून बघायचा असेल तर राइस. बहिणींबद्दल, आई-मुलींबद्दल, नुकत्याच बसलेल्या धक्क्यातून सावरण्याबद्दल वाचायचं असेल तर हॉफमन, यात मला शंका नाही.

स्थळाच्या बाबतीत तुलना होऊच शकत नाही. राइस यांचा जन्म १९४१मध्ये न्यू ऑर्लिन्सचा. बरीच वर्षं कॅलिफोर्नियात काढून त्या परतल्या आणि १९८९मध्ये फर्स्ट स्ट्रीट आणि चेस्टनट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं घर त्यांनी विकत घेतलं. कादंबरीतलं मेफेअर घर तेच. मायकल जुनी घरं दुरुस्त करणारा कंत्राटदार आहे, आयरिश चॅनल या कामगारवस्तीत वाढलेला, लहानपणी या घराच्या कुंपणाबाहेर उभा राहून आत बघत असे. तो जेव्हा ते घर पुन्हा उभं करायला घेतो, गिलावा, लाकूड, माजलेली बाग, हिरवा पडलेला पोहण्याचा तलाव, तेव्हा कितीतरी पानं त्यातच जातात. अनेकांना ती पानं कंटाळवाणी वाटतात. मला ती पुस्तकातली सगळ्यात आनंदाची पानं वाटतात, आणि पुढे जे होणार आहे त्यामुळे सगळ्यात करुणसुद्धा.

काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. 'द विचिंग अवर'मध्ये कुळाच्या आतले शरीरसंबंध वारंवार येतात, ते कथेच्या मुळाशी आहेत आणि टाळता येत नाहीत. गुलामगिरीचं चित्रण मळेवाल्यांच्या बाजूनं जास्त होतं, हा आक्षेप मला योग्य वाटतो. पुढचे दोन भाग 'लॅशर' (१९९३) आणि 'टाल्टॉस' (१९९४). 'लॅशर'मध्ये तेरा वर्षांच्या मुलीचा प्रौढ पुरुषाशी संबंध आहे आणि पुस्तक त्याकडे हवं तितक्या गंभीरपणे बघत नाही. कित्येक वाचक तिथे कायमचे थांबले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. 'प्रॅक्टिकल मॅजिक'मध्ये मारझोड करणारा प्रियकर आहे, अपघाती मृत्यू आहे, पण वाचून झाल्यावर मन जड होत नाही.

२०२३ची 'मेफेअर विचेस' ही मालिका बघून राइस वाचायचं की नाही हे ठरवू नका. तिथे मायकल आणि टालामास्काचा एरन लाइटनर या दोन माणसांचं मिळून एकच पात्र केलं आहे, आणि फाइलमधली शतकं तुकड्यातुकड्यांत येतात. मालिका न आवडलेल्याला पुस्तक आवडू शकतं आणि उलटही.

राइस घ्यायचं ठरलं तर फाइल सुरू होईपर्यंत वाचा. तिथे मायकलसारखंच तुम्हालाही ती वाचायची घाई झाली असेल तर पुढे जा, कागदावर वंशावळ काढत चला, आणि या पहिल्या पुस्तकाच्या शेवटाला थांबायची मुभा स्वतःला द्या. तो शेवट अस्वस्थ करतो, पण तिथे थांबता येतं. घाई झाली नसेल तर पुस्तक मिटा. हॉफमन घेत असाल आणि सिनेमा डोक्यात पक्का असेल, तर आधी २०१७चं 'द रूल्स ऑफ मॅजिक' वाचा. त्याच मावश्यांच्या तरुणपणाची, साठच्या दशकातल्या न्यूयॉर्कची ती कथा मला मूळ पुस्तकापेक्षा जास्त भरीव वाटते. १९९५चं पुस्तक त्यानंतर हातात घेतलं की मधल्या भागात मावश्या नाहीत याची रुखरुख उरत नाही, कारण तोवर त्या कोण आहेत हे तुम्हाला सॅली-जिलियनपेक्षा जास्त माहीत असतं.