'हैदराबाद' नावाचं स्पिटफायर : आठ महिन्यांनंतर

दसऱ्याला मागवलेलं हे डायकास्ट स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं धातूचं छोटं मॉडेल, आता आठ महिने लातूरच्या आमच्या घरात आहे. कुरिअरसकट साडेसहा हजार पडले. मधे एक कडक उन्हाळाही झाला, म्हणून आता लिहितोय.

मॉडेल आहे ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ व्या स्क्वाड्रनचं, म्हणजे तुकडीचं, मार्क आठ या आवृत्तीचं, बर्मा आघाडीवरचं. या स्क्वाड्रनच्या नावात 'हैदराबाद' आहे. निजामाने विमानांसाठी पैसा दिला म्हणून ते नाव, आणि बोधचिन्हावर निजामाचं शिरोभूषण. तेव्हा नांदेड, परभणी, बीड, लातूर सगळं त्याच राज्यात. आमच्या रानांचा सारा त्याच तिजोरीत जायचा. मेसरश्मिट आणि मस्टँग या त्याच काळातल्या विमानांची मॉडेलं हवी तेवढी मिळतात, पण माझा जीव याच्यावर जडला तो यामुळे.

हातात घेतलं की आधी वजन कळतं. धड आणि पंख जस्ताच्या मिश्रधातूचे, प्लास्टिक फक्त बारीकसारीक भागांना. प्रमाण १:७२, म्हणजे एका इंचाला सहा फूट. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ३६ फूट १० इंच. मी पट्टी लावली तर सहा इंचांच्या किंचित पुढे भरले. मग उलटं करून पोट पाहिलं. आधीच्या मार्क पाचला एका पंखाखाली मोठा रेडिएटर आणि दुसऱ्याखाली लहानसा ऑइल कूलर असे. मार्क आठला दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचं (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचं) मर्लिन इंजिन आलं, थंड करायचं काम वाढलं, म्हणून दोन्हीकडे सारखेच मोठे खोके. इथे ते सारखे आहेत. पंख्याची पातीही चारच आहेत. बनवणाऱ्याने अभ्यास केलाय.

सगळ्यात देखणी आहे धडावरची छपाई. हवाई दलाच्या गोल चिन्हातून झेप घेणारा काळा पँथर. चिन्हात नेहमीचा लाल ठिपका नाही, गडद निळ्यात फिका निळा एवढंच, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि बर्माच्या आकाशात आपल्याच माणसांनी चुकून गोळी झाडू नये म्हणून लाल काढून टाकला होता. भिंग लावून पाहिलं, पँथरच्या शेपटीची कडाही कुठे फुटलेली नाही.

आता तक्रारी. पंख धडाला जिथे मिळतो तिथे डावीकडे फट आहे, नख अडकतं. या किमतीत ती नको होती. चाकांचे पाय काढता-घालता येतात, पण दहा-बारा वेळा केलं की खाचा सैल होतात. एक पाय सारखा निसटायला लागला तेव्हा मी झटपट चिकटणारा गोंद लावला, आणि त्याच्या वाफेने कॉकपिटच्या काचेवर पांढरट साय धरली. अजून गेली नाही. तुम्ही साधा पांढरा गोंदच वापरा. कुरिअरमध्ये अँटेनाची काडी मोडली होती, विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही.

मे महिन्याच्या उन्हात रंगाला, टायरांना काही झालं नाही. धूळ मात्र फार. फडक्याने पुसूच नका, काड्या अडकतात. चित्रकलेचा मऊ ब्रश बरा. शेवटी फोटो फ्रेमवाल्याकडून काचेची पेटी करून घेतली.

अण्णांना हे सुरुवातीला अजिबात रुचलं नव्हतं. "निजामाच्या पैशाचं इमान घरात कामून आणलास रे?" आमचे आजोबा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात भाकरी पोचवायचे, त्यामुळे अण्णांचा राग मला समजतो. मी म्हटलं, "अण्णा, पैसा आपल्याच रानातला हाय की." ते काही बोलले नाहीत. पण मार्चमध्ये एकदा त्यांनी स्वतः पेटी उघडली, पँथरवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "पोलीस ॲक्शनला आपली कोणती इमानं आलती? ते भेटतंय का बघ."

ती टेम्पेस्ट नावाची लढाऊ विमानं होती. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाच्या राज्यावरच्या त्या कारवाईत भारतीय हवाई दलाने ती वापरली. भारतीय चिन्हांतलं टेम्पेस्ट मी शोधतोय, अजून सापडलेलं नाही. त्याचे पंख ४१ फुटांचे, म्हणजे मॉडेलला जवळजवळ सात इंच जागा लागेल. पेटीत तेवढी आहे.