फ्लॉरेन्स प्राइस यांच्या दोन सिंफनी आणि फिलाडेल्फियाचे ध्वनिमुद्रण

बसून या लाकडी सुषिर वाद्यावर वाजणारी, पाच स्वरांवर बेतलेली एक संथ धून आणि तिच्याखाली तंतुवाद्यांचा मंद आधार, अशी आफ्रिकन-अमेरिकन रचनाकार फ्लॉरेन्स प्राइस यांची ई मायनर या स्वरमालेतील पहिली सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना, सुरू होते. औडव रागांची सवय असलेल्या कानाला ही धून पहिल्या श्रवणातच आपलीशी वाटते. ही सिंफनी आणि त्यांचीच सी मायनरमधील तिसरी सिंफनी यानिक नेझे-सेगॅं यांच्या संचालनाखाली फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने वाजवली, डॉइशे ग्रामोफोन या कंपनीने ते ध्वनिमुद्रण सप्टेंबर २०२१मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढच्या वर्षी त्याला वाद्यवृंदवादनाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. गेले काही महिने मी ते पुन्हा पुन्हा ऐकतो आहे. त्याची शिफारस मी मनापासून करतो; मात्र या संगीताभोवती जी कथा नेहमी सांगितली जाते, तिच्याविषयी आधी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे असे मला वाटते.

ती कथा अशी आहे. २००९ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, सेंट ॲन नावाच्या छोट्या गावाबाहेर, एका ओसाड घराची डागडुजी सुरू असताना कागदांचे गठ्ठे सापडले. घराच्या छपरावर झाड कोसळून भगदाड पडले होते, आत मोडतोड झाली होती, पण एक कोपरा कोरडा राहिला होता आणि त्या कोपऱ्यात हस्तलिखित स्वरलिपीचे ढीग होते. एकेकाळी हे घर प्राइस उन्हाळ्यात राहण्यासाठी वापरत असत. त्या ढिगांत त्यांची चौथी सिंफनी होती, व्हायोलिनसाठीचे दोन कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) होते आणि इतरही बरेच काही होते. कथा खरी आहे, आणि ऐकताना अंगावर काटा येतो हेही खरे आहे. बंदिश शिष्यांच्या गळ्यात टिकते, एका घराण्यात हरवलेली अस्ताई दुसऱ्या घराण्यात सापडू शकते. सिंफनीचे तसे नसते, तिची लिपी गेली की ती गेलीच. एखाद्या रचनाकाराच्या आयुष्यभराच्या कामाचा मोठा भाग छपराच्या एका कोरड्या कोपऱ्यावर अवलंबून असावा, या विचाराने मन हादरते.

परंतु या ध्वनिमुद्रणातील दोन्ही सिंफनी त्या घरात सापडलेल्या नाहीत. प्राइस यांच्या मुलीने दिलेली कागदपत्रे १९७०च्या दशकातच आर्कान्सा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोहोचली होती. रे लिंडा ब्राऊन या संगीत-अभ्यासिकेने १९८०च्या दशकात येल विद्यापीठातील आपल्या प्रबंधासाठी प्राइस यांचे काम हाती घेतले आणि पुढची तीस वर्षे ते सोडले नाही. ब्राऊन आणि वेन शर्ली यांनी संपादित केलेली पहिल्या व तिसऱ्या सिंफनीची चिकित्सक आवृत्ती २००८ साली, म्हणजे ते घर उघडले जाण्याच्या आदल्या वर्षी, छापून झाली होती. ब्राऊन २०१७ साली गेल्या आणि त्यांनी लिहिलेले प्राइस यांचे चरित्र त्यांच्या पश्चात २०२० साली प्रसिद्ध झाले. हे सारे मी तपशिलाने सांगतो, कारण ‘अडगळीत सापडलेला खजिना’ या एका वाक्यात ग्रंथालयात बसून पानामागून पान ताडून पाहणाऱ्या माणसांचे श्रम पुसले जातात. शिवाय त्यातून असा समज होतो की हे संगीत कोणाला माहीतच नव्हते आणि म्हणून ते वाजले नाही. ते माहीत होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय संगीतकारांना, चर्चमधील गायकवृंदांना आणि शिकागोच्या रसिकांना प्राइस हे नाव नेहमीच ठाऊक होते. शिकागोत त्यांच्या नावाची एक प्राथमिक शाळासुद्धा १९६४ साली उभी राहिली. ज्यांच्या हातात मोठी सभागृहे आणि मोठ्या ध्वनिमुद्रण-कंपन्या होत्या, त्यांनी ते वाजवले नाही.

प्राइस यांचा जन्म ९ एप्रिल १८८७ रोजी आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे झाला. वडील दंतवैद्य, आई संगीतशिक्षिका. बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत त्यांना प्रवेश मिळाला तेव्हा त्यांचे मूळ गाव मेक्सिकोतील असल्याचे नोंदवले गेले, म्हणजे वर्णावरून होणारा जाच थोडा टळेल. ऑर्गन आणि पियानो-अध्यापन या दोन्हींतील पदविका घेऊन १९०६ साली त्या दक्षिणेकडे परतल्या, त्यांनी महाविद्यालयांत शिकवले, लग्न केले, मुले वाढवली. १९२७ साली लिटल रॉकमध्ये एका कृष्णवर्णीय माणसाची जमावाने हत्या केली आणि त्याच वर्षी प्राइस कुटुंब शिकागोला निघून गेले. पुढे घटस्फोट झाला, दोन मुलींची जबाबदारी एकटीवर आली, आणि पोटासाठी त्यांनी मूकपटांना ऑर्गनची साथ केली, रेडिओच्या जाहिरातींसाठी धून बांधल्या.

पहिल्या सिंफनीचे लेखन या धावपळीतच झाले. पाय मोडल्यामुळे जानेवारी १९३१मध्ये काही दिवस निवांत लिहायला मिळाले, आणि असे पाय मोडण्याचे भाग्य पुन्हा कधी लाभेल कोण जाणे, अशा अर्थाचे त्यांनी एका पत्रात लिहून ठेवले आहे. त्यांची शिष्या आणि पुढे स्वतः मोठी रचनाकार झालेली मार्गारेट बॉन्ड्स हिची आठवण मला त्याहून जवळची वाटते. प्राइस यांना एखादे काम मुदतीत पुरे करायचे असले की शिकागोतील ज्या ज्या कृष्णवर्णीय संगीतकाराला स्वर लिहिता येत असे तो मदतीला येई, आणि बॉन्ड्स यांच्या स्वयंपाकघरातील मोठ्या टेबलाभोवती बसून सगळे मिळून प्रत्येक वाद्याच्या प्रती उतरवून काढत. १९३२ साली या सिंफनीला वानामेकर या संगीतरचना-स्पर्धेत पाचशे डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले. १५ जून १९३३ रोजी फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने ती वाजवली. अमेरिकेतील आघाडीच्या वाद्यवृंदाने आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीची सिंफनी वाजवण्याची ती पहिली वेळ होती.

आता वादनाकडे येतो. पहिल्या सिंफनीचे नाव काढले की चेक रचनाकार ड्वोरझाक यांनी अमेरिकेत असताना लिहिलेल्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीची आठवण निघते. स्वर ई मायनर, भाग चार, आणि दोन्हींत अमेरिकी लोकसंगीताचा वास. तुलना चुकीची नाही, पण ती लवकर आटोपावी. ड्वोरझाक पाहुणे म्हणून आले होते, प्राइस त्याच घरात वाढल्या होत्या, आणि हा फरक दुसऱ्या भागात स्पष्ट ऐकू येतो. तेथे पितळी वाद्ये एक भजनासारखी धून एकत्र म्हणतात, लाकडी सुषिर वाद्ये तिला उत्तर देतात, आणि हा प्रश्नोत्तराचा खेळ चर्चमध्ये पुढे गाणारा आणि मागून झेलणारी मंडळी यांच्या रीतीने चालतो. फिलाडेल्फियाच्या ट्रम्पेट, हॉर्न आणि ट्रॉम्बोनवादकांनी येथे जे वाजवले आहे ते या ध्वनिमुद्रणातील सर्वांत सुंदर काम आहे असे माझे मत आहे. आवाज भरदार आहे, पण कोठेही रेटलेला नाही. वाक्याच्या शेवटी सगळे एकत्र श्वास सोडतात, आणि शेवटाकडे जेव्हा चर्चच्या घंटांचे स्वर मिसळतात तेव्हा तो नाद सभागृहाच्या भिंतींपर्यंत जाऊन परत येत असल्याचे साध्या हेडफोनवरही कळते.

या सिंफनीची बांधणी मात्र समतोल नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पहिले दोन भाग मिळून सुमारे तीन चतुर्थांश वेळ घेतात आणि शेवटचे दोन भाग चटकन संपतात. पहिल्या भागात एकच वाक्य पुन्हा पुन्हा फिरून येते आणि मधल्या विस्तारात माझे लक्ष दोन-तीनदा ढळले. नेझे-सेगॅं हा दोष झाकत नाहीत. ते घाई न करता प्रत्येक पुनरावृत्तीला थोडा वेगळा रंग देतात, आणि त्यामुळे कंटाळा बराच कमी होतो, जरी पूर्णपणे जात नाही.

तिसरा भाग जूबा नृत्याचा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या हातून ढोल काढून घेतले गेले, कारण ढोलाच्या आवाजावर माणसे जमतात आणि उठाव होतात अशी मालकांना भीती होती. तेव्हा त्या माणसांनी टाळ्या, मांड्या, छाती आणि पावले यांचाच ताल केला. तो हा जूबा. प्राइस यांनी आपल्या मोठ्या रचनांत तो आवर्जून घातला. स्पिरिच्युअल, म्हणजे गुलामगिरीच्या काळातील भक्तिगीते, जितकी आपल्या संगीताला आवश्यक तितकाच हा आघात उलटसुलट फिरवणारा ताल आवश्यक, असे त्यांचे म्हणणे होते. पहिल्या सिंफनीत या भागात आफ्रिकी ढोल आहेत, घसरत जाणारी शिट्टी आहे, आणि व्हायोलिन गावच्या फिडलसारखी वाजतात. फिलाडेल्फियाचे वादन येथे फार नेटके आहे, माझ्या मते थोडे जास्तच नेटके. ठेका अचूक पडतो, पण मांडीवर थाप मारणाऱ्या हाताचा खडबडीतपणा त्यात कमी आहे. नॅक्सॉस कंपनीने २०१९ साली काढलेले जॉन जेटर आणि फोर्ट स्मिथ सिंफनीचे ध्वनिमुद्रण मी लगेच शेजारी ठेवून ऐकले. आर्कान्सातील त्या लहान वाद्यवृंदाच्या तंतुवाद्यांना फिलाडेल्फियाची ऊब नाही, पण जूबा तेथे अधिक मोकळा वाटतो. ज्यांना दोन्ही घेणे शक्य आहे त्यांनी दोन्ही घ्यावीत, कारण जेटर यांच्या ध्वनिमुद्रणात पहिलीबरोबर चौथी सिंफनी आहे, आणि ती मात्र खरोखरच सेंट ॲनच्या घरातून आलेली आहे. १९४५ साली लिहिलेल्या त्या सिंफनीचे पहिले वादन याच वाद्यवृंदाने २०१८ साली केले.

माझ्या दृष्टीने या ध्वनिमुद्रणाचे खरे मोल तिसऱ्या सिंफनीत आहे. ६ नोव्हेंबर १९४० रोजी डेट्रॉइटमध्ये, मंदीच्या काळात बेकार संगीतकारांना काम मिळावे म्हणून सरकारने उभ्या केलेल्या वाद्यवृंदाने, ती प्रथम वाजवली. तिच्या तालमीला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट हजर होत्या आणि त्यांनी आपल्या वृत्तपत्रीय सदरात तिची दखल घेतली. पहिल्या सिंफनीपासून अवघी काही वर्षे लोटली होती, पण लिहिणारा हात पुष्कळ पुढे गेलेला आहे. सुरुवातीलाच पितळी वाद्ये असे काही स्वरसमूह मांडतात की कोणता स्वर षड्ज मानावा हेच काही क्षण कळत नाही. धून आता सरळ उचलून ठेवलेली नाही. ती तुटते, दुसऱ्या वाद्याकडे जाते, वेगळ्या उजेडात परत येते. दुसऱ्या भागात ओबो आणि इतर सुषिर वाद्यांना जे मृदू संवाद दिले आहेत, त्यांत स्पिरिच्युअलचा सूर आहे, पण कोणतेही एक ठरावीक गीत नाही. जूबासुद्धा येथे बदलला आहे. झायलोफोनची टकटक, ट्रम्पेटचा आळसावलेला स्वर आणि शहरातल्या रात्रीचा काहीसा निळसर रंग, असा हा दक्षिणेतून शिकागोला आलेल्या माणसांचा जूबा आहे.

याच सिंफनीत नेझे-सेगॅं यांचा हात मला सर्वाधिक पटला. त्यांनी तिला उपकार केल्यासारखे वाजवलेले नाही. विस्मृतीतून वर काढलेल्या रचनांचे वादन पुष्कळदा जपून, दोन तालमींत उरकलेले असते, आणि मग श्रोता वादनातील ढिलाई रचनेच्या नावावर जमा करतो. येथे हा मोठा वाद्यवृंद जसे रशियन रचनाकार राखमानिनॉव्ह यांचे संगीत वाजवतो त्याच विश्वासाने प्राइस वाजवतो. शेवटच्या भागात तंतुवाद्यांची धाव, तिच्यावर येणारे पितळी वाद्यांचे तडाखे आणि मध्येच सगळे थांबून पुन्हा उसळणे, हे सर्व इतके सुस्पष्ट आहे की स्वरलिपीत काय लिहिले आहे ते प्रथमच नीट ऐकू येते असे मला वाटले.

हे ऐकताना एक पत्र मनातून जात नाही. जुलै १९४३मध्ये प्राइस यांनी बोस्टन सिंफनीचे संचालक सर्गेई कुसेवित्स्की यांना लिहिले होते की आरंभीच सांगते, माझ्या वाटेत दोन अडचणी आहेत, लिंग आणि वंश. मी स्त्री आहे आणि माझ्या अंगात काही निग्रो रक्त आहे. आपली रचना केवळ गुणांवर तोलली जावी एवढीच त्यांची मागणी होती. ज्या शहरात त्या शिकल्या त्या शहराच्या वाद्यवृंदाने कुसेवित्स्कींच्या काळात त्यांचे काही वाजवले नाही. गाणी मात्र वाजत राहिली: ९ एप्रिल १९३९ रोजी, प्राइस यांच्या बावन्नाव्या वाढदिवशी, कृष्णवर्णीय गायिका मारियन अँडरसन यांनी वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर पंचाहत्तर हजार लोकांसमोर जी मैफल केली, तिच्या शेवटच्या भागात प्राइस यांनी स्वरबद्ध केलेले एक स्पिरिच्युअल होते. ३ जून १९५३ रोजी प्राइस शिकागोत गेल्या.

ज्यांना पाश्चात्त्य वाद्यवृंदसंगीताची फारशी सवय नाही त्यांनी क्रम उलटा करावा, असे मी सुचवेन: आधी तिसऱ्या सिंफनीचा दुसरा भाग, मग तिचा जूबा, मग पहिल्या सिंफनीतील पितळी वाद्यांचे भजन, आणि त्यानंतर दोन्ही सिंफनी अथपासून इतिपर्यंत. ज्यांना हे आवडेल त्यांच्यासाठी याच वाद्यवृंदाने २०२३ साली प्राइस यांची चौथी सिंफनी आणि आफ्रिकन-अमेरिकन रचनाकार विल्यम डॉसन यांची ‘निग्रो फोक सिंफनी’ एकत्र प्रसिद्ध केली आहे. डॉसन यांच्या त्या सिंफनीचे पहिले वादन १९३४ साली संचालक स्टोकोव्स्की यांनी याच फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राकडून करवून घेतले होते. माझ्या संग्रही ते आताच आले आहे, आणि चौथीचा पहिला भाग ऐकून झाला आहे. त्यात ‘वेड इन द वॉटर’ या स्पिरिच्युअलची धून खालच्या स्वरांतून वर येते तेथे मी दर वेळी थांबून मागे जातो.