पाकिटातला बारीक खोबऱ्याचा कीस: कुकीजला पूर्ण गुण, बारला थोडे कमी

नारळी पौर्णिमेच्या वड्या झाल्या की डेसिकेटेड कोकोनटच्या पाकिटात वाटीभर कीस उरतोच. यात निम्म्याहून जास्त तेल असतं, त्यामुळे मुंबईच्या दमट हवेत नुसतं रबर लावून ठेवलेलं पाकीट लवकर खवट होतं. हवाबंद बरणी आणि फ्रीज, दुसरा उपाय नाही. वापरण्याआधी चिमूटभर चावून बघा. साबणासारखी चव लागली तर टाकून द्या. भाजल्याने ती जात नाही.

कुकीजसाठी हा बारीक कीस फार छान. १०० ग्रॅम मऊ लोणी, ८० ग्रॅम पिठीसाखर, १२० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम कीस, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवाच, नाहीतर इथल्या उकाड्यात लोणी ओट्यावरच सुटतं आणि कुकीज पसरून एकमेकींना चिकटतात. १६० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. कडा सोनेरी झाल्या, मधे बोटाला मऊ लागलं, की काढा. गार होताना नानकटाईसारख्या खुसखुशीत होतात.

बारमध्ये मात्र हाच कीस कोरडा पडतो. १५० ग्रॅम किसात २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि दोन चमचे गरम दूध घालून १० मिनिटं मुरू द्या, मगच बिस्किटांच्या चुऱ्यावर दाबून बेक करा. पूर्ण गार होण्याआधी सुरी लावलीत तर भुगा होतो. पाकीट घेताना बिनसाखरेचंच घ्या; साखर घातलेला कीस तळाला पटकन करपतो.