छोटी ग्वालटोलीतलं दुकान आणि इनोव्हाचं लाल ऑइल

पॉवर स्टीअरिंगचं ऑइल टॉप-अप करायचंय आणि तुम्ही इंदूरमध्ये आहात, तर सरवटे बसस्टँडजवळच्या छोटी ग्वालटोलीत जा. दुकानाचं नाव सांगू शकत नाही, कारण बोर्डावर बॅटरीची जाहिरात एवढी मोठी आहे की मालकांनी स्वतःचं नाव कुठल्या कोपऱ्यात लिहिलंय ते दिसतच नाही. बाहेर सायलेन्सर टांगलेत, दारात रबरी होजची वेटोळी पडलीत, तीच खूण. माझ्याकडून चार स्टार. पाचवा का कापला ते सांगते पुढे.

आमची इनोव्हा २०१०ची, डिझेल. लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात मोठी गाडी हीच. लग्नकार्य असो, कुणाला स्टेशनवरून आणायचं असो, नाहीतर सासूबाईंचं ओंकारेश्वर, सगळं हिच्याच बोकांडी. चालवते मी. थंडीत सकाळी गाडी गेटबाहेर काढताना स्टीअरिंग पूर्ण वळवलं की बॉनेटखालून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. रस्त्याला लागलं की बंद. हळूहळू पार्किंगमध्ये स्टीअरिंगही जड वाटू लागलं. सासूबाईंनी फर्मान काढलं, "गाडी कण्हतेय गं, आधी तिला दाखव, मग देव बघू." ओंकारेश्वरच्या वाटेवरचा सिमरोलचा घाट समोर असताना त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

आधी एका मोठ्या सर्विस सेंटरमध्ये नेली. तिथे स्टीअरिंग ऑइलच्या टाकीचं झाकणसुद्धा न उघडता 'स्टीअरिंग रॅक (पुढची चाकं वळवणारा दातेरी दांडा) बदलावा लागेल' म्हणून एस्टिमेट हातात ठेवलं. आकडा वाचला, चहा प्यायले आणि गाडी परत आणली.

ग्वालटोलीत उलटा अनुभव. स्टीअरिंगचं ऑइल कमी झालं होतं, त्याचा डबा मागितला तर मिळेना, आधी उलटतपासणी. "कौन सी गाड़ी? कौन सा मॉडल? अभी टंकी में लाल है कि हरा?" मी मॅन्युअलचं पान पुढे केलं. त्यात डेक्सरॉन टू किंवा थ्री लिहिलंय, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पडतं तेच लाल ऑइल, एटीएफ. गिअर हाताने टाकायच्या गाडीतसुद्धा स्टीअरिंगला हेच लागतं, हे बऱ्याच जणांना पटत नाही. डेक्सरॉन हे मुळात जनरल मोटर्सचं नाव. त्यांनी २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं बंद केलं, पण टोयोटाच्या पुस्तकात त्यांचं नाव कायम आहे. डेक्सरॉन थ्रीचं लायसन देणंही त्यांनी २००६नंतर थांबवलं, म्हणून आता डब्यांवर 'डेक्सरॉन थ्रीला चालेल' अशा धर्तीचा मजकूर असतो. डब्याची पाठ वाचून ही ओळ मालकांनी स्वतः बोट ठेवून दाखवली. काही युरोपियन गाड्यांना हिरवं सिंथेटिक लागतं आणि ते ह्यात मिसळायचं नाही, हेही न विचारता सांगितलं. आणि ब्रेक ऑइल तर चुकूनही नाही. ते ग्लायकॉलचं असतं, त्याने स्टीअरिंगची रबरी सीलं कामातून जातात.

मला दुकान आवडलं ते पुढच्या गोष्टीसाठी. ते म्हणाले, ही बंद सिस्टिम आहे, ऑइल जळत नाही, उडत नाही. कमी झालंय म्हणजे कुठूनतरी गळतंय. पोऱ्याला टॉर्च देऊन गाडीखाली पाठवलं. रॅकचे दोन्ही बूट, म्हणजे टोकांवरची रबरी आवरणं, कोरडे. पंपही कोरडा. ऑइल टाकीत परत आणणारा रबरी पाइप, रिटर्न होज, जिथे टाकीला बसतो तिथे मात्र धूळ आणि ऑइलचा काळा चिकट थर जमला होता. त्याने बोटाने पुसून दाखवला, खाली ताजा लाल ओलावा. क्लिप ढिली होती आणि होजचं टोक कडक झालं होतं. तेवढं टोक कापलं, नवी क्लिप लावली. रॅकच्या एस्टिमेटपुढे ही रक्कम लिहायलाही लाज वाटावी. मागच्या फळीवर गळती थांबवणाऱ्या औषधाच्या बाटल्या होत्या. मी विचारलं, तर मालकांनी विकायला साफ नकार दिला. त्याने सील थोडे दिवस फुगतं, मग पुन्हा गळायला लागतं, म्हणे. स्वतःच्या फळीवरचा माल असा नाकारणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदा बघितला.

ऑइलसुद्धा तिथे टाकून दिलं नाही. टाकीवर हॉट आणि कोल्ड अशा वेगळ्या खुणा आहेत. गाडी साधारण ऐंशीच्या वेगाने वीस मिनिटं पळाली असेल तर हॉट बघायचं, इंजिन पाचेक तास बंद असेल तर कोल्ड. राजवाड्याच्या ट्रॅफिकमधून रखडत आलेली गाडी ना धड गरम, ना धड थंड. "सुबह घर पे डालना."

म्हणून सकाळी अंगणात मीच टाकलं. आधी झाकणाभोवतीची धूळ कापडाने पुसली, कारण एक कण आत गेला तरी तो पंपात फिरत राहतो. जुनं ऑइल पांढऱ्या कागदावर टिपलं तर तपकिरी-लाल, जळका वास नाही, म्हणजे लगेच बदलायची घाई नाही. फनेलने थोडं थोडं घालत कोल्डच्या वरच्या खुणेच्या जरा खालीच थांबले. काठोकाठ भरलं तर गरम झाल्यावर फुगून झाकणातून बाहेर येतं आणि बेल्टवर सांडलं की वेगळाच ताप. मग पुढची चाकं जॅकवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. टाकीत बुडबुडे आले, विरले. पुन्हा थोडं घातलं. इंजिन चालू केल्यावर फेस नाही, आवाज नाही. लिटरचा डबा अर्ध्याहून जास्त उरलाय. सवय मात्र बदलली. स्टीअरिंग टोकाला दाबून धरत नाही, त्या वेळी पंपावर सगळ्यात जास्त दाब येतो.

आता कापलेला स्टार. अर्धा पार्किंगचा. गल्लीत इनोव्हा वळवायची म्हणजे समोरच्या लोडिंग रिक्षावाल्याशी सोयरीक जुळवावी लागते. उरलेला अर्धा मालकांच्या पहिल्या वाक्याचा: "भैया नहीं आए?" नाही आले भैया. भैयांना बॉनेट उघडायचा खटका कुठे आहे तेही माहीत नाही. बिलही मागितल्याशिवाय देत नाहीत, कच्च्या चिठ्ठीवर भागवू बघतात. पक्कं बिल घ्या, त्यावर ऑइलचा ग्रेड लिहून घ्या, पुढच्या वेळी तेच मागता येतं.

इनोव्हा क्रिस्टावाल्यांनीही बिनधास्त जावं, तिचंही स्टीअरिंग ऑइलवरच चालतं. एर्टिगा, मराझो, हायक्रॉसवाल्यांनी मात्र पेट्रोल जाळत ग्वालटोली गाठू नये. तुमचं स्टीअरिंग विजेच्या मोटरवर आहे, बॉनेटखाली ही टाकीच सापडणार नाही.