बाळाच्या मेंदूसाठी सोनोग्राफी की एमआरआय?
हडपसरच्या मैत्रिणीचं बाळ जन्मतः रडलं नाही, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. सोनोग्राफी झाली, मग एमआरआयचा खर्च कशाला, असं ती विचारते.

सोनोग्राफी टाळूवरून, बाळाच्या जागेवरच होते. स्वस्त, कितीदाही करता येते. रक्तस्राव पटकन कळतो. ऑक्सिजन कमी पडल्याची इजा मात्र पहिल्या एक-दोन दिवसांत निसटू शकते.

एमआरआयला बाळ हलवावं लागतं. दूध पाजून दुपट्यात घट्ट गुंडाळलं की बरीच बाळं औषधाविनाच झोपतात. 72 तासांचं कूलिंग (मेंदूची इजा कमी व्हावी म्हणून बाळाचं शरीर थंड ठेवण्याचा उपचार) संपल्यावर, पहिल्या आठवड्यातच काढलेला एमआरआय खूप सांगतो. मेंदूतल्या खोलवरच्या थॅलॅमस-बेसल गँग्लिया या भागांना इजा असेल तर सेरेब्रल पाल्सीचा (हालचाल आणि स्नायूंवरचा ताबा बिघडण्याचा) धोका; मोठ्या रक्तवाहिन्यांच्या सीमेवरच्या भागात असेल तर भाषा, लक्ष, वागणूक यांच्या अडचणी, त्याही कधीकधी शाळेत जाऊ लागल्यावर दिसणाऱ्या. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी विकासाची तपासणी चुकवायची नाही.

बाळ अस्थिर असेल, रोज नजर ठेवायची असेल तर सोनोग्राफी. पुढचा अंदाज हवा असेल तर एमआरआयच. इथे काटकसर नको.